दत्तूभाऊंचा एरंडेलाचा डबा

दत्तूभाऊंच्या बायकोचा, हिराबाईंचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारात, मुंबईच्या गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या रिक्षात बसले होते. रविवारची सकाळ. पुढच्या गाडीतली माणसं खिडकीतून हात काढून चिक्कीची चव बघत होती. हिराबाई स्वतः कधी फोन करत नाहीत, त्यांच्या फोनवरून नेहमी दत्तूभाऊच बोलायचे. म्हणून मी सवयीनं म्हणाले, "बोला दत्तूभाऊ, पार्सल पुन्हा कधी टाकायचं?" पलीकडून कोंबड्यांच्या कलकलीतून हिराबाई म्हणाल्या, "ताई, ह्ये गेलं. सकाळच्याला शेडमदी बसलं व्हतं, तितंच." रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि मी सांगताच रिक्षा पवनानगरच्या बाजूला काढायची खटपट सुरू केली. मी पोचले तोवर दुपार झाली होती. घराच्या दोन्ही अंगांना पर्यटकांचे तंबू. त्या कँपवाल्यांच्या पाण्याच्या मोटारी वर्षानुवर्षं दत्तूभाऊच दुरुस्त करायचे. कँपवाल्यांनी गाणी तासभर बंद ठेवली, आणि आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा ती पुन्हा सुरू झाली होती.

दत्तूभाऊ कोण, हे आधी सांगायला हवं, कारण त्यांचं नाव कुठल्याच अहवालात नाही. मला हे खात्रीनं माहीत आहे, कारण ते अहवाल मी लिहिलेत. पुण्यातल्या एका संस्थेत मी बावीस वर्षं अहवाल लिहिण्याचं काम केलं. श्रीमंत देशांनी गरीब देशांना दिलेल्या पैशाचं काय झालं, ते त्या श्रीमंत देशांना आवडेल अशा भाषेत कळवायचं, एवढंच ते काम. दत्तूभाऊंना मी 'तांत्रिक साहाय्य' या दोन शब्दांत बसवलं होतं. प्रत्यक्षात ते हापसे दुरुस्त करणारे मेकॅनिक. सातवी शिकलेले, कमरेला पान्यांची पिशवी, डाव्या हाताची करंगळी एका पाइपाखाली चेंगरून कायमची वाकडी झालेली. फोटोसाठी उभं राहा म्हटलं की ती करंगळी मुठीत लपवायचे.

मदत घेणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी आधी कळलं होतं. पवनेचं धरण झालं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे. वडिलांचं रान आणि रानातली विहीर दोन्ही पाण्याखाली गेली. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायला लागली. लोक तिला मिलो म्हणायचे. तिच्या भाकरीला कुबट वास यायचा. एकदा दत्तूभाऊंनी ताटावर बसून तसं बोलून दाखवलं, तर आईनं मुस्काटात दिली आणि मग स्वतःच चुलीकडं तोंड करून रडत बसली. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली, तीही हसत हसत. शेवटी म्हणाले, "ताई, घेनाऱ्याला वास यायचा न्हाई, आसा नेम हाय."

पुढं त्यांच्या वस्तीवर एका परदेशी संस्थेनं हापसा बसवला. धरणाच्या काठाला राहूनही प्यायचं पाणी नव्हतं, म्हणून. संगमरवरी पाटी लागली, नारळ फुटला. वर्षाच्या आत आतलं वॉशर झिजलं आणि दांडा नुसता वरखाली व्हायला लागला. पुण्याहून माणूस येईल म्हणून लोक वाट बघत राहिले. दिलेली वस्तू आहे, आपण हात लावला आणि मोडली तर देणारे काय म्हणतील, ही भीती. बाया पुन्हा हंडे घेऊन धरणावर जायला लागल्या, हापश्याला शेळ्या बांधल्या जाऊ लागल्या, आणि पंधरा ऑगस्टला मात्र कुणीतरी न चुकता ती पाटी पुसायचं. शेवटी दत्तूभाऊंनी उसना पाना आणून हापसा खोलला. गावातले मोठे लोक चिडले. तीन दिवस त्याचे तुकडे अंगणात पडून होते, आणि चौथ्या दिवशी त्याला पाणी आलं. तिथून त्यांचा नियम पडला: नवा हापसा बसवला की गावानं तो आपल्या हातानं तीनदा खोलायचा, तीनदा जोडायचा, आणि मगच त्याचं पाणी प्यायचं. बायांनी खोलायचा, कारण पाणी त्या भरतात. मावळात त्यांनी बसवलेल्या प्रत्येक हापश्याला त्यांनी हा नियम लावला, आणि त्यातले बरेचसे अजून चालू आहेत.

हे ऐकूनच मी त्यांना आमच्या संस्थेत आणलं. आमच्याकडं तेव्हा आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातलं काम आलं होतं. पैसा एका युरोपीय देशाचा, पंप बसवायला माणसं आपली. त्या देशाचं नाव मी इथं देत नाही, ती दत्तूभाऊंचीच ताकीद. "नाव घेतलं का लोक म्हनत्यात, अरेरे. तितली मानसं अरेरे न्हाईत." तीन वर्षं ते वर्षातले चार-चार महिने तिकडं राहिले. इंग्रजी येत नव्हतं, तिकडची भाषा येत नव्हती. मराठीत बोलायचे आणि हातानं दाखवायचे. एस्थर नावाची एक तिशीतली बाई त्यांच्या हाताखाली तयार झाली. दोन मुलांची आई, नवरा खाणीत गेलेला, बोलायला फटकळ. दत्तूभाऊ तिच्याबद्दल बोलायला लागले की आपल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायचे. मी एकदा कामाची पाहणी करायला गेले, तर दहा-बारा बाया हापश्याभोवती उभ्या राहून "आवळ! आवळ!" असं ओरडत होत्या आणि एस्थर अंगाचा सगळा जोर लावून नट पिळत होती. मावळातला शब्द तिथल्या तांबड्या मातीत... मी तिथंच उभी राहून रडले होते. ते मात्र मी अहवालात लिहिलं होतं. असलं काही आम्ही अगत्यानं लिहायचो.

त्याच दौऱ्यात एका हापश्याचं उद्घाटन झालं. पैसे देणाऱ्या देशाचे चार पाहुणे गाडीनं पाच तासांचा रस्ता तुडवून आले होते. गावानं ढोल लावले होते, हापश्याला रिबन बांधायची होती. आणि आम्ही पोचलो तेव्हा हापसा जागेवर नव्हताच. म्हणजे होता, पण ताडपत्रीवर पसरलेला. पाइप एकीकडं, रॉड एकीकडं, दांडा उताणा. एस्थर आणि बाकीच्या बाया गुडघ्यांवर बसून तिसऱ्यांदा जोडायला लागल्या होत्या. दत्तूभाऊंना बाजूला घेऊन मी म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः जोडा ना पटकन. नंतर खोलू दे त्यांना, शंभर वेळा खोलू दे." ते जागचे हलले नाहीत. "ताई, आता फोटू निघाला का ह्यो हापसा पावन्यांचा. मग ह्याला परत कोन हात लावनार?" मी आवाज चढवला. "आपल्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, दत्तूभाऊ." ते बायांकडं हात करून म्हणाले, "ह्यांच्या बी."

पाहुणे दोन तास उन्हात बसले. एक बाई बरी होती, तिनं उठून ताडपत्रीपाशी जाऊन बघितलं. बाकीचे घड्याळ बघत राहिले. हापश्याला पाणी आलं तेव्हा पाहुण्यांची निघायची वेळ झाली होती आणि फोटोत सगळ्यांची तोंडं वाकडी आली. पुण्यात परतल्यावर आमच्या संचालकांनी मला विचारलं, "हा माणूस आपल्याला परवडतो का?" मी म्हणाले, सध्या नको पाठवायला. हे शब्द माझे. दत्तूभाऊंना मी सांगितलं की वयाची अट आली आहे.

त्यांनी ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, ते मला कळलं नाही. पण एस्थरशी त्यांचं बोलणं चालूच राहिलं. ती फोनवर इंग्रजीत आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. दत्तूभाऊंची मुलगी सुनीता तळेगावच्या कारखान्यात आहे, ती त्यांना मराठीत सांगायची. त्यांच्यानंतर गेलेल्या मंडळींनी तीनदा खोलण्याची भानगडच ठेवली नव्हती. हापसा बसवा, रिबन कापा, पुढच्या गावी चला. दीड वर्षानं दत्तूभाऊ माझ्या ऑफिसात आले. हातात शाळेची वही, तिच्यात एस्थरनं सांगितलेल्या गावांची यादी. निम्म्याहून जास्त हापसे बंद होते. सगळ्यांचं दुखणं एकच, आतलं रबरी वॉशर. ते तिकडं मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. "येवडं लिवा ताई," ते म्हणाले. "नवा येक बी नगं. हायेत त्येंला वायसर द्या म्हनावं."

ती वही मी ठेवून घेतली. त्यांना चहा पाजला. आणि त्याच महिन्यात जो अहवाल गेला, त्यात मी लिहिलं की सर्व हापसे चालू स्थितीत आहेत. का लिहिलं? पुढच्या टप्प्याची मंजुरी अडली होती. बंद पडलेल्या कामाला पुढचा टप्पा कोण देतो? ऑफिसात चौदा माणसं होती, माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग चालू होतं, संचालक रोज येऊन टेबलापाशी उभे राहायचे... ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातल्या एकाचाही आता उपयोग नाही. अहवालाला उत्तर आलं ते अभिनंदनाचं. खाली एक ओळ होती: सर्व पंप चालू असल्यामुळे दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद ठेवण्याचं कारण दिसत नाही, ती वगळण्यात येत आहे. वॉशरसाठी जे थोडंफार होतं, ते माझ्या एका वाक्यानं गेलं.

पुढं दोनेक वर्षांनी ती सगळी मदतच बंद झाली. पैसे देणाऱ्या देशात सरकार बदललं, तिथल्या लोकांना वाटलं की आपला पैसा आपल्या घरात राहावा, आणि एका सकाळी ईमेल आली. भाषा फार सभ्य होती. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. आमचं ऑफिस महिन्याभरात गुंडाळलं. मला निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, मी लोणावळ्याला आईवडिलांच्या घरात राहायला आले. देणाऱ्या देशांना शिव्या घालणारे लेख मी त्या दिवसांत पुष्कळ वाचले आणि मान डोलावली. दिलं तेव्हा मिरवलं, थांबवलं तेव्हा मागं वळून बघितलं नाही, हे त्यांच्याबद्दल खरंच आहे. पण तेवढंच लिहून मला मोकळं होता येत नाही. त्यांना खरं कळवायचं काम ज्यांच्याकडं होतं, ते आम्ही होतो.

ऑफिसची आवराआवर चालू असताना दत्तूभाऊ काही पाने आणि दोऱ्या न्यायला आले होते. जाताना रद्दीच्या ढिगातून जाड छापील कागदांचा एक गठ्ठा उचलला. मी लक्ष दिलं नाही. नंतर महिन्याभरानं ते लोणावळ्याला माझ्या दारात उभे. खिशातून रुमालाची गाठ सोडून त्यांनी चामड्याची एक खोलगट चकती काढली, लहान वाटीएवढी. "वायसर," ते म्हणाले. रबराचं नाही, म्हशीच्या चामड्याचं. धरणात गेलेल्या विहिरीवर वडिलांची मोट होती. तिचं चामडं पाण्यात राहून कुजू नये म्हणून वडील त्याला एरंडेल चोळायचे, ते त्यांना आठवलं होतं. तळेगावात चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी पंधरा दिवस बसून त्यांनी ती कापायला आणि साच्यावर दाबून खोलगट करायला शिकून घेतलं होतं. आपल्या अंगणातल्या हापश्यात घालून बघितलं, पाणी आलं. "तितं गुरं हायेत, चामडं हाय," ते म्हणाले. "येकदा नमुना गेला का एस्थर सोता कापंल. मग कुनाच्या दारात जायला नगं." मी म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" ते हसले. "आधी म्हनलतो की. तुमच्या सायबांनी सांगितलं, चामडं सामानाच्या यादीत न्हाई."

पार्सलांच्या खेपा तिथून सुरू झाल्या. पोस्टात परदेशी पार्सलचा फॉर्म इंग्रजीत, म्हणून मी बरोबर. दत्तूभाऊ पहाटेच्या जीपनं कामशेतला येऊन लोकलनं लोणावळ्याला यायचे, डबा फडक्यात बांधलेला. फॉर्मवर 'भेट' असा एक चौकोन असतो, मी पहिल्या वेळी त्यावर खूण केली. ते वाचता येत नसूनही त्यांनी विचारलं, "काय लिवलं?" सांगितल्यावर म्हणाले, "खोडा ते. भेट न्हाई. तिची वस्तू हाय, तिला चालली." मग मी 'इतर'वर खूण करायची, कारकून वैतागायचा, आणि आम्ही बाहेर येऊन चहा प्यायचो. चहाचे पैसे ते मला कधी देऊ द्यायचे नाहीत. पहिलं पार्सल पोचलं. एस्थरचा आवाज आला, मागं हापश्याचा खडखडाट आणि बायांचा गलका. दत्तूभाऊंनी तो मला पोस्टाच्या पायरीवर बसून चार वेळा ऐकवला. पण नमुन्यावरून चकती कापणं तिला जमत नव्हतं, कड फाटायची. त्यांनी साचा बनवला, आणि तो घालून दुसरं पार्सल पाठवलं. ते वाटेत अडकलं. कुठल्या देशात, कुणी अडवलं, कळेना. ते गेले त्याच्या आठ दिवस आधी ते परत आलं, वर एक शिक्का मारून. शेवटच्या भेटीत ते पार्सल आमच्या दोघांच्या मधे बाकावर होतं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "दत्तूभाऊ, तो अहवाल..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "च्या थंड व्हतोय ताई," म्हणाले. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

तेराव्याला मी पुन्हा गेले. जेवणं झाल्यावर हिराबाई मला शेडमध्ये घेऊन गेल्या. पत्र्याखाली एक लाकडी बाक, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, आणि खिडकीत वनस्पती तुपाचा जुना डबा. झाकण उघडलं तर आत एरंडेलात बुडालेल्या वीसेक चकत्या. "ह्ये तुमी न्या," हिराबाई म्हणाल्या. "मला ठावं न्हाई कुटं धाडायचं." डब्याखाली जाड, गुळगुळीत कागदांचा गठ्ठा होता. तेलानं पारदर्शक झालेला, त्यात वाटीएवढी गोल भोकं पाडलेली. मी तो उचलला. आमचा अहवाल होता, तोच. वरच्या मुखपृष्ठावर पाणी पिणाऱ्या एका हसऱ्या पोरीचा फोटो होता, तिच्या चेहऱ्याच्या जागी भोक. दत्तूभाऊंनी चकत्यांचे कागदी नमुने त्यातून कापले होते.

"जाड हाय म्हनायचं, नमुना चांगला निघतो," हिराबाई म्हणाल्या. आतल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कुठलं पान, ते मला उघडून बघावं लागलं नाही. मी विचारलं, "त्यांना माहीत होतं का... यात काय लिहिलंय ते?"

"व्हय. आनला त्याच दिशी सुनीकडनं वाचून घेतला की."

"मग? काय म्हणाले?"

हिराबाईंनी जरा आठवून बघितलं. "काय न्हाई. सुनी लय चिडली व्हती. तर ह्ये म्हनलं, त्वांड आवर, ताईचं पोट हाय त्येच्यावर."

म्हणजे त्या सगळ्या खेपांना, फडक्यात डबा बांधून ते माझ्या दारात उभे राहायचे तेव्हा, फॉर्मवर मी काय लिहिते ते विचारायचे तेव्हा, चहाचे पैसे देताना... प्रत्येक वेळी त्यांना माहीत होतं. तुम्ही मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती, दत्तूभाऊ. घेणाऱ्याला वास यायचा नाही, हा नियम तुम्ही माझ्याकडून घेतानाही पाळलात. मी काय दिलं होतं तुम्हाला, तर विमानाची चार तिकिटं आणि एक खोटं कारण. याचा मला राग येतो. तुमचा येतो, आणि त्याहून जास्त माझा. अहवालात लिहायला हवं होतं ते वाक्य आज इतक्या उशिरा, वर्तमानपत्राच्या एका पुरवणीत, ज्यांचा त्या पाण्याशी काही संबंध नाही अशा वाचकांसमोर लिहिते आहे: निम्म्याहून जास्त हापसे बंद होते, आणि मला ते माहीत होतं.

एस्थरला मी दत्तूभाऊ गेल्याचं कळवलं. अहवालाचंही कळवलं. पहिल्यावर तिचा लांबलचक आवाज आला, त्यात ती रडत होती आणि मधेच 'आवळ' म्हणाली. दुसऱ्यावर अजून काही आलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी डबा घेऊन पोस्टात गेले. पाठवणाऱ्याच्या जागी पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं, 'इतर'वर खूण केली. कारकुनानं कॉम्प्युटरवर बघून फॉर्म परत सरकवला. त्या देशाला सध्या पार्सल जात नाही म्हणाला, कधी सुरू होईल सांगता येत नाही.

डबा आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. घरभर एरंडेलाचा वास येतो, येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावतात. चामडं एकदा वाळून कडक झालं की ते पाणी धरत नाही, दत्तूभाऊंनी सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी मी चकत्या एकेक करून काढते, पुसते, आणि उलटून पुन्हा तेलात ठेवते.